गाय धार काढू देत नाही? पाय बांधण्याआधी लाथ कधी येते ते बघा

घरी एकच गाय असते आणि ती लाथा मारायला लागली की सगळं घर तिच्याभोवती अडून बसतं. सकाळचं दूध सांडतं, वासरू भुकेलं हंबरतं, आणि धार काढणाऱ्याच्या मनगटाला नाहीतर गुडघ्याला मार बसतो. मग सल्ले सुरू होतात. कुणी पाय बांधा म्हणतं, कुणी दोन काठ्या द्या म्हणतं, कुणी सरळ बाजार दाखवा म्हणतं. माझं म्हणणं असं की यातलं काहीही करण्याआधी दोन-तीन वेळच्या धारा नुसत्या नीट बघाव्यात. गाय लाथ मारते एवढंच पुरेसं नाही. ती कोणत्या क्षणी मारते, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

हा लेख हाताने धार काढणाऱ्या घरांसाठी आहे. गाय देवणी असो, लाल कंधारी, डांगी, गीर किंवा संकरित जर्सी-होल्स्टीन, पद्धत तीच. खिल्लार मात्र मुळातच चपळ आणि बुजरं जनावर, ती जात शेतीकाम आणि शर्यतीसाठीच घडली. तिच्याकडे धीर जास्त लागतो आणि दुधाची अपेक्षा कमी ठेवावी लागते.

लाथेची वेळ काय सांगते

पहिली आणि सगळ्यात उपयोगी तपासणी अशी: वासरू पीत असताना गाय शांत उभी राहते का? वासराला नीट पिऊ देते आणि तुम्हालाच झिडकारते, तर बहुतेक वेळा अडचण भीतीची, सवयीची किंवा तुमच्या हाताची आहे. वासरालाही पाय उचलत असेल, त्याने तोंड लावताच पाठ आखडून बाजूला सरकत असेल, तर कासेत नाहीतर सडाला काहीतरी दुखतंय. तिथे कितीही गोंजारलं तरी उपयोग नाही, आधी दुखणं शोधायचं.

आता वेळ बघा. धारेच्या जागी बांधायला नेतानाच ती बिथरते, डोळे मोठे करते, शेण टाकते, तर तिला त्या जागेची किंवा माणसाची धास्ती आहे. कासेला हात लागताच पाय झटकते पण थोड्या वेळाने सैलावते, हे पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या गाईचं नेहमीचं वागणं; कासेला माणसाचा हात तिला नवा असतो. ठरावीक एकाच सडाला हात गेला की लाथ येते, तर तो सड उजेडात तपासा. सुरुवातीला छान उभी असते आणि मध्येच चुळबुळ सुरू होते, तर पुढ्यातलं आंबोण (पेंड-भुशाचा खुराक) संपलं का, माश्या चावतात का, आणि तुमचा हात थकून सड ओढायला लागला का, या तीन गोष्टी बघा. अगदी शेवटी लाथ येते, तेव्हा कास रिकामी झालेली असते आणि आपण उगाच चिमटीने ओढत बसलेलो असतो.

लाथ नाही पण दूधच सोडत नाही, कास भरलेली असून धार बारीक येते, याला आपण पान्हा चोरणं म्हणतो. त्याचा उपाय वेगळा आहे, पुढे सांगतो.

माजावर आलेली गाय एखादा दिवस अस्वस्थ असते आणि दूध कमी देते. ती लाथ मनावर घेऊ नका, तिला वळूला दाखवायची किंवा रेतन करून घ्यायची वेळ झाली एवढं समजा. पण वर्षानुवर्षं शांत असलेल्या गाईचा स्वभाव अचानक बदलला, ती वेगळ्याच आवाजात सारखी हंबरू लागली, तोंडातून लाळ गळू लागली, गिळता येईना, तर धार काढायला बसू नका आणि घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. हा रेबीज असू शकतो; पिसाळलेलं कुत्रं चावल्याचं घरच्यांना कधी कधी माहीतही नसतं. दूध बाजूला ठेवा आणि पशुवैद्यकाला बोलवा. नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गाईचं बिथरणं कधी कधी पोषणाच्या बिघाडातूनही येतं. रक्तातलं मॅग्नेशियम घटलं तर अंगाला कंप सुटतो, आणि किटोसिसच्या (अंगातली शक्ती कमी पडून होणाऱ्या आजाराच्या) एका प्रकारात ती भिंत, दावं, स्वतःचं अंग चाटत राहते. हेही डॉक्टरांचंच काम. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

कास आणि सड तपासणं

दिवसाच्या उजेडात, गाय चारा खात असताना, चारही सड एकेक करून बघा. भेगा, चामखीळ, फोड, सडाच्या टोकाला कडक झालेली कातडी, सांध्यात चिकटलेल्या गोचिडी. मोठं झालेलं वासरू दातांनी सड चावतं, तेही बघा. वासरू जोराने ढुशा देत असेल तर त्याला थोडा वेळच लावून बाजूला घ्यावं लागेल.

मग पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर किंवा गडद रंगाच्या वाटीत काढा. गुठळ्या, पाणीदारपणा, पिवळसर किंवा लालसर झाक दिसली, सडाचा वरचा भाग गरम किंवा कठीण लागला, तर तो कासदाह. गावाकडे याला दगडी म्हणतात. बाहेरून काहीच दिसत नसलं तरी आतून कासदाह असू शकतो, त्यासाठी चार खळग्यांच्या ताटलीत चारही सडांचं दूध घेऊन त्यात औषधी द्राव मिसळायची सोपी चाचणी डॉक्टर गोठ्यातच करून देतात. ज्या सडाचं दूध चिकट, घट्ट होतं तो सड आजारी. सडात सोडायच्या औषधाची नळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दुकानातून आणू नका. प्रतिजैविक दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तितका काळ ते दूध ना घरात वापरायचं, ना डेअरीला घालायचं, ना वासराला पाजायचं. कासदाह झालेल्या गाईची धार सगळ्यात शेवटी काढा आणि ते दूध गोठ्यात ओतू नका.

पहिलारू गाईची कास विण्याच्या आसपास सुजते. बोट दाबलं तर खळगा राहतो, कातडी ताणलेली असते. ही सूज बहुतेक वेळा आजाराची नसते आणि व्याल्यानंतर काही दिवसांत, कधी दोनेक आठवड्यांत उतरते, पण तोवर हात लागला की ठणका बसतो. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाचा शेक द्या, तळहाताने खालून वर हलका मसाज करा, गाईला थोडं चालवा, आंबोणात मीठ जास्त घालू नका. या दिवसांत तिची लाथ सोसावी लागते. तेव्हा तिला मारलं तर सूज उतरल्यावरही ती लाथ मारत राहते, कारण धारेची वेळ म्हणजे मार ही गाठ तिच्या डोक्यात पक्की बसते.

भेगांना धार झाल्यावर पशुवैद्यकाने दिलेलं मलम किंवा आयोडीन आणि ग्लिसरीनचं मिश्रण लावा. फेसात किंवा दुधात बोटं बुडवून धार काढायची सवय असेल तर ती सोडा. ओल्या हाताने सडाला भेगा पडतात आणि एका सडाची घाण दुसऱ्यात जाते.

तुमचा हात

अंगठा दुमडून त्याच्या सांध्यावर सड दाबून धार काढायची पद्धत आपल्याकडे फार आहे. जोर कमी लागतो म्हणून ती आवडते, पण अंगठ्याचं हाड सडाच्या आतल्या नाजूक भागावर रोज घासलं जातं. त्याने आत इजा होते, गाठी होतात आणि गाय लाथाळ होते. पूर्ण मुठीने धार काढा: सडाचं मूळ अंगठा आणि तर्जनीने बंद करायचं, मग बाकीची बोटं वरून खाली एकापाठोपाठ मिटायची. दाबायचं असतं, ओढायचं नसतं. सड इतके आखूड असले की मुठीत मावत नाहीत, तर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीनेच काढावी लागते. तेव्हाही बोटं सरळ ठेवा. नखं कापलेली हवीत. अंगठी काढून ठेवा. पाणी थंडगार नको, थंडीच्या दिवसांत तर अजिबात नको.

माणूस बदलला की गाय बदलते, हे ज्यांच्या घरी गाय आहे त्यांना ठाऊक असतं. वर्षभर एका बाईच्या हाताला, तिच्या बांगड्यांच्या आवाजाला, तिच्या बोलण्याला सरावलेल्या गाईखाली दुसऱ्या कुणी बसलं की ती उभी राहत नाही. माणूस बदलायचाच असेल तर नव्याने आधी आठवडाभर आंबोण द्यावं, खरारा करावा, पहिल्या माणसाच्या शेजारी बसावं, मग एक सड त्याने काढावा. ते झालं की दोन.

जागा

निसरड्या फरशीवर उभी असलेली गाय तोल सावरायला पाय हलवते आणि आपण त्याला लाथ समजतो. खाली मुरूम, खरबरीत कोबा किंवा रबरी चटई हवी. एका बाजूला भिंत असली की ती सरकत नाही. कुत्रं बांधून ठेवा, मुलांना दूर ठेवा. पावसाळ्यात निम्म्या लाथा माश्यांच्या असतात. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर धारेच्या आधी करा, धार चालू असताना नको; पंखा असेल तर तो उत्तम. शेपटीचा फटका तोंडावर बसत असेल तर ती एखाद्याने हाताने धरावी. खुंट्याला बांधू नका, गाय पुढे सरकली की शेपटीला इजा होते.

पान्हा कसा सुटतो

वासराचं तोंड किंवा तुमचा हात सडाला लागला की गाईच्या मेंदूकडून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. साधारण मिनिटभरात ते कासेपर्यंत पोचतं, आतल्या बारीक पिशव्या आकसतात आणि दूध सडाकडे येतं. हा जोर पाच ते सात मिनिटं टिकतो. गाय घाबरली, तिला मार बसला, ओरडा झाला, की अॅड्रेनलिन वाढतं आणि दूध आतच अडतं. मग अर्धा तासही फुकट जाऊ शकतो. म्हणून धारेआधी दिलेली काठी घरातलंच दूध कमी करते.

यातून क्रम ठरतो. चरवी, कोमट पाणी, कोरडं फडकं, आंबोण, सगळं आधी हाताशी ठेवा. गाईला पुढून, तिला दिसेल असं, नेहमीच्या नावाने हाक मारत जा. थेट मागून गेलेला माणूस तिला दिसत नाही. आंबोण पुढ्यात ठेवा. वासरू सोडा, चारही सडांना थोडं थोडं तोंड लावू द्या, आणि सड फुगले की त्याला तिच्या तोंडापाशी बांधा, म्हणजे ती चाटत राहील. कास धुवा, पुसून कोरडी करा, पहिल्या धारा वाटीत काढून बघा आणि लगेच बसा. देशी गाईला वासराचा लळा जास्त लागतो. संकरित गाय बहुधा वासराविना, कास धुण्यावर आणि पेंडीवरही पान्हावते.

वासरू दगावलं तर गाय दूध चोरते. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते पुढ्यात उभं करायची रीत जुन्या गवळ्यांची होती. आज बहुतेकांना ते जमणार नाही. त्याऐवजी दोन्ही वेळा ठरवा, बारा तासांचं अंतर पाळा, तोच माणूस, तीच चरवी, तोच क्रम ठेवा आणि कास धुताना मिनिटभर नीट चोळा. काही दिवसांत गाय चरवीच्या आवाजावरच पान्हावू लागते.

पान्ह्याचं, म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन अजून कुठे कुठे देतात. ते देऊ नका. गाईच्या आरोग्याला घातक ठरेल असं इंजेक्शन दूध वाढवण्यासाठी देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ प्रमाणे गुन्हा आहे. फुंका घालण्यालाही (दूध सोडावं म्हणून गाईच्या योनीत हवा फुंकण्यालाही) तेच कलम लागतं. शिवाय बाहेरच्या इंजेक्शनवर पान्हावण्याची सवय लागली की गाय हाताला पान्हावत नाही.

बसायचं कसं

घोड्याची लाथ मागे जाते. गाईचा पाय मात्र आधी पुढे आणि बाहेर फिरून मग मागे झटकतो. म्हणून दूर, हात लांब करून बसलेल्या माणसाला ती पूर्ण जोराने लागते आणि अंगाला भिडून बसलेल्याला नुसता धक्का बसतो. रोज एकाच बाजूने बसा. डोकं किंवा खांदा तिच्या कुशीच्या खळग्यात टेकवा. पाय उचलायच्या आधी तिथला स्नायू ताठतो, तो तुम्हाला आधी कळतो. जवळचा हात तिच्या मागच्या पायाच्या पुढे राहील असा ठेवा, पाय उठला तर तो मनगटाच्या वरच्या भागाने अडवता येतो. पालथी मांडी घालून बसू नका. उकिडवे बसा किंवा बुटका पाट घ्या, म्हणजे पटकन मागे होता येतं. सुरुवातीचे दिवस लहान चरवी एका हातात धरून एका हाताने धार काढा आणि दूध लांब ठेवलेल्या किटलीत ओतत राहा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पाय उचलला की आपण हात काढतो, उठतो, शिव्या देतो आणि थोड्या वेळाने परत येतो. गाय यातून एवढंच शिकते की पाय उचलला की माणूस जातो. दुखणं नाही अशी खात्री असेल, तर पाय उचलला तरी हात कासेवरच हलका ठेवा, धार थांबवा, खालच्या आवाजात बोलत राहा. पाय खाली ठेवून ती सैलावली की मग हात काढा, दोन श्वास थांबा आणि पुन्हा लावा. हात निघतो तो तिने शांत राहिल्यावर, हे तिला कळायला हवं. असं रोज दोन्ही वेळा केलं तर बहुतेक गाई आठ-पंधरा दिवसांत बदलतात. मार खाल्लेल्या गाईला जास्त वेळ लागतो.

तोवर धार थांबवता येत नाही. कास तुंबली तर कासदाह होतो. सगळं वासराला पाजणं हा सोपा मार्ग वाटतो, पण जास्त दूध पिऊन वासराला हगवण लागते. म्हणून शिकवणं आणि कास रिकामी करणं सोबतच चालवावं लागतं, आणि इथे काही दिवसांपुरती दोरी लागू शकते.

दोरी वापरायची तर

मऊ, जाड सुती दोरी घ्या. नायलॉनची नको, ती कातडी कापते. गाय म्होरकीने (तोंडाभोवतीच्या दोरीने) आखूड बांधा. वेसणीला हिसके देऊ नका, नाकाचं दुखणं आणि धार यांची गाठ पडते. दोन्ही मागच्या पायांना, मधल्या सांध्याच्या वर, इंग्रजी आठाच्या आकारात दोरी घाला, आणि गाठ अशी मारा की एका हिसक्यात सुटेल. घसरून पडली तर ती लगेच सोडता आली पाहिजे, म्हणून मागचे पाय खांबाला किंवा खुंट्याला कधीच बांधू नका. पहिल्यांदा घालाल तेव्हा जमीन मऊ असू द्या, एक माणूस डोक्यापाशी उभा ठेवा, आणि दोरी घालून धार न काढताच तिला आंबोण खाऊ द्या. ती दोन-चार वेळा झटका देईल आणि थांबेल.

दुसरा उपाय, मदतीला माणूस असेल तर, शेपटी मुळापाशी दोन्ही हातांनी धरून सरळ वर उचलायची. शेपटी तशी धरली असताना गाय सहसा लाथ मारत नाही. धरणाऱ्याने बाजूला उभं राहावं आणि शेपटी मधून वाकवू नये, हाड मोडतं. पोटाभोवती कासेच्या पुढून दोरी आवळायची पद्धतही आहे. ती फार आवळली तर दुधाची शीर दाबली जाते. आधीचं काही जमलं तर मी तिकडे जाणार नाही.

दोरी रोज थोडी सैल करत न्या. मग नुसती पायावर टाका, आणि मग काढून टाका. महिनोन्‌महिने दोरीशिवाय धार निघत नसेल, तर कुठलं तरी दुखणं नजरेतून सुटलंय, पुन्हा पहिल्यापासून तपासा.

धार संपल्यावर

सड शेवटपर्यंत निथळून काढा पण रिकामा सड ओढू नका. चारही सड आयोडीनच्या सडबुडवणीत (सड बुडवायच्या जंतुनाशक द्रावात) बुडवा. वासरू लगेच पिणार असेल तर त्याचं पिऊन झाल्यावर. मग गव्हाणीत ताजा चारा टाका. धारेनंतर सडाचं तोंड अर्धा तासभर उघडं असतं, तेवढा वेळ ती खात उभी राहिली तर शेणात बसून जंतू आत जाणार नाहीत. धारेचा शेवट चाऱ्याने होतो हे तिला आवडतं, आणि दुसऱ्या दिवशी ती आपणहून जागेवर येते.

कालवड गाभण असतानाच

हे सगळं टाळायचं असेल तर सुरुवात विण्याच्या दोन-तीन महिने आधी करा. तिला धारेच्या जागी बांधून आंबोण द्या, पाठीवरून, मांडीवरून, मग कासेवरून हात फिरवा, शेजारी पाट टाकून बसा. सड पिळून दूध येतं का ते मात्र बघू नका. सडाचं तोंड बंद करणारा चिकट बुच निघाला तर विण्याआधीच कासदाह होऊ शकतो.

एखादी गाय सगळं करूनही हाताला येत नाही. घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर तिचं दूध वासराला ठेवावं, नाहीतर ज्याच्याकडे धारेचं यंत्र आणि अनुभव आहे त्याला, लाथ मारते हे स्पष्ट सांगून द्यावी. आणि नवी घ्यायला जाल तेव्हा संध्याकाळची आणि सकाळची अशा सलग दोन धारा तिथे थांबून स्वतःच्या हाताने काढा. विकणाऱ्याने काढून दाखवलेली धार त्याच्या हाताला सरावलेल्या गाईची असते, आणि सकाळची धार तुंबवून ठेवली असेल तर संध्याकाळचं माप खरं नसतं.